१८ महिन्यांच्या मुलीची एचपीएलसी 'बॉर्डरलाइन' आलीये, पुढे काय करायचं? (नाशिक)

सातपूरचा_बाबा

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो कारण अर्धवट लिहिलं की लोक अर्धवटच सांगतात. आमची मुलगी १८ महिन्यांची आहे. दोन-तीन महिन्यांपासून फिकट दिसायला लागली, चिडचिड करते, आणि एक विचित्र सवय लागलीये, भिंतीचे पोपडे नखाने काढून खाते. जेवण म्हणजे नावाला, दिवसभर दुधाची बाटली. डॉक्टरांनी सीबीसी (रक्तपेशींची साधी मोजणी) सांगितलं तर हिमोग्लोबिन ८.६ आलं. बाकीचे आकडे असे - आरबीसी (लाल पेशी) काउंट ५.३, एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) ५६, एमसीएच (पेशीतलं हिमोग्लोबिन) १६, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) २०. फेरिटिन (अंगात साठलेलं लोह) ७. डॉक्टर म्हणाले लोह कमी आहे हे तर उघड आहे, पण एमसीव्ही फारच खाली आहे म्हणून एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी टेस्ट) करून घेऊ. ती केली. त्यात ए-टू ३.४ आणि एफ १.२ टक्के आलाय (हे हिमोग्लोबिनचे दोन प्रकार), आणि खाली लिहिलंय बॉर्डरलाइन ए-टू, आई-वडिलांची तपासणी करावी.

आता माझा गोंधळ असा की एकजण म्हणतो ३.५ च्या खाली म्हणजे नॉर्मल, विषय संपला. दुसरा म्हणतो थॅलेसेमिया मायनर (म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराची नुसती वाहक) असणारच. डॉक्टर म्हणाले आधी तुमचे दोघांचे रिपोर्ट आणा मग बोलू. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या आमच्याकडे सगळेच फिकट, कोणाला काय झालं नाही आजपर्यंत.

घाई याच्यासाठी आहे की मिसेस परत प्रेग्नंट आहे, आठवा आठवडा चालू आहे. मी सातपूर एमआयडीसीत आहे, मूळ गाव कळवण तालुक्यात, मिसेसचं माहेर जळगावकडचं. आधी कोणाला असलं काही असल्याचं ऐकिवात नाही. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, आणि गूगल करून डोकं फिरलंय तेव्हा घाबरवू नका.

---

जांभळी_टोपी

दादा, मी नाशिकमध्येच लॅबला आहे, हिमॅटॉलॉजीच्या बेंचवर बरीच वर्षं काढलीयेत. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं मी बोलणार नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते.

पहिली गोष्ट, तुम्ही सगळे आकडे लिहिलेत हे फार बरं केलंत, नाहीतर लोक नुसतं 'एचबी ८.६ आहे काय करू' एवढंच विचारतात. तुमच्या मुलीच्या सीबीसीत मला हिमोग्लोबिनपेक्षा आरबीसी काउंट जास्त खटकतोय. साध्या लोहाच्या कमतरतेत शरीराकडे माल नसतो, मग पेशी लहानही होतात आणि कमीही होतात. इथे पेशी लहान आहेत पण संख्या ५.३, म्हणजे कारखाना जोरात चालूये. एमसीव्हीला आरबीसीने भागा, ५६ भागिले ५.३, साधारण साडेदहा येतं. याला मेंट्झर इंडेक्स म्हणतात, १९७३ पासून वापरात आहे. १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा संशय, वर आलं की लोहाकडे बोट. पण हा फक्त इशारा आहे, निदान नाही. लहान मुलांत तर तो बऱ्याचदा चकवतो, आणि दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर काहीही येऊ शकतं.

आणि तुमच्याकडे मला दोन्ही एकत्र असतील असंच वाटतंय. फेरिटिन ७ म्हणजे लोह खरंच संपलंय, त्यात वाद नाही. भिंतीचे पोपडे खाणं हे पण त्याचंच लक्षण. एक लक्षात ठेवा, फेरिटिन ताप-सर्दीत उगाच वर जातं, त्यामुळे आजारी मुलाचं फेरिटिन नॉर्मल आलं तर त्याच्यावर विश्वास नाही, पण कमी आलं तर ते कमीच.

आता ए-टू. थॅलेसेमिया मायनरमध्ये ए-टू सहसा ४ च्या वर जातो. पण लोह कमी असलं की ए-टू खाली ओढला जातो. म्हणजे ज्या पोरीचा एरवी ४.२ दिसला असता तिचा आज ३.४ दिसू शकतो. म्हणून '३.५ च्या खाली म्हणजे नॉर्मल' हे ज्याने सांगितलं त्याला माझा नमस्कार सांगा. आणि 'मायनर असणारच' हे पण आत्ता छातीठोक सांगता येत नाही. बॉर्डरलाइन लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलंय. बी-१२ कमी असेल तर उलट ए-टू थोडा वर जाऊ शकतो, तेही एक आहे.

मशीनमध्ये काय होतं ते थोडक्यात. जांभळ्या टोपणाच्या बाटलीतलं रक्त फोडून कॉलममधून सोडतात, आणि प्रत्येक जातीचं हिमोग्लोबिन आपापल्या मिनिटाला बाहेर पडतं, सीबीएस बसस्टँडवरून गाड्या सुटतात तसं. एफ आधी, मग ए, मग ए-टू, मग डी, मग एस (डी आणि एस हे बिघडलेले प्रकार, एस सिकल सेलचा). एका सॅम्पलला सहा-सात मिनिटं लागतात. भानगड अशी की काही वेळा दोन गाड्या एकाच वेळेला सुटतात. हिमोग्लोबिन ई हे ए-टूच्याच खिडकीत येतं. म्हणून ए-टू कुठे २५-३० टक्के दिसला तर तो ए-टू नसतोच. मशीन आकडा छापून देतं, ग्राफ बघून डोकं चालवावं लागतं. तुमच्याकडे ग्राफचं पान असेल तर ते फेकू नका, नुसत्या आकड्यांच्या पानापेक्षा ते मोलाचं आहे.

वय १८ महिने आहे हे चांगलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची एचपीएलसी मायनरसाठी करण्यात अर्थ नसतो. जन्मताना बाळात एफच सगळ्यात जास्त असतो, ए-टू जवळपास नसतोच, आणि दोघांची अदलाबदल व्हायला वर्षभर जातं. तुमच्या मुलीचा एफ १.२ आहे आणि बाकी सगळा ए दिसत असणार, त्यामुळे थॅलेसेमिया मेजर, म्हणजे गंभीर प्रकार, नाही हे आजच सांगता येतं. मेजरमध्ये एफचा डोंगर असतो आणि ए अगदी थोडा किंवा नाहीच. एवढं ऐकून आज रात्री झोपा.

आता दोन प्रश्न. मुलीला कधी रक्त चढवलंय का? आणि मिसेसची पहिल्या बाळंतपणाची फाईल आहे का घरात? त्यात सीबीसी असेल. हिमोग्लोबिन सोडून द्या, एमसीव्ही आणि आरबीसी काउंट बघून सांगा.

---

घरचा_वैद्य_७७

भाऊ एवढ्या टेस्ट करून लॅबवाल्यांची घरं भरू नका. रोज बीट गाजराचा ज्यूस, डाळिंब, लोखंडी कढईतली भाजी, खजूर. माझ्या भाचीचं हिमोग्लोबिन महिन्यात ७ वरून ११ झालं. पूर्वी कुठे होत्या या टेस्ट.

---

ओपीडीतून_सुट्टी_नाही

बालरोग विभागात रेसिडेंट आहे, ड्युटी संपताना टाकतोय म्हणून तुटक लिहितो.

वैद्यकाका, लोखंडी कढईला माझा विरोध नाही, खजुरालाही नाही. पण बीट आणि डाळिंब लाल आहे म्हणून रक्त वाढतं हा हिशोब चुकीचा आहे, दोन्हीत लोह फार नसतं. फेरिटिन ७ असलेल्या पोरीला ज्यूसवर ठेवणं म्हणजे महिने वाया घालवणं. तिला लोहाचं औषध लागणारच आहे, तिच्या डॉक्टरांनी वजनावर डोस काढून दिलं असेलच. ते दुधाबरोबर देऊ नका, दूध आणि औषधात अंतर ठेवा, लिंबू-संत्र्याचा रस चालतो. शी काळी होईल, घाबरू नका. दाताला डाग पडतात म्हणून ड्रॉप जिभेच्या मागच्या बाजूला सोडा.

आणि ती बाटली. या वयात दिवसाला अर्धा लिटरच्या आत दूध. जास्त दुधाने पोट भरतं, जेवण सुटतं, दुधात लोह जवळपास नाही, आणि काही मुलांच्या आतड्यातून दुधामुळे थोडं थोडं रक्तही जातं. ओपीडीत रोज दिसणारी गोष्ट आहे ही. बाटली बंद करून वाटीने द्या.

उलट बाजूही सांगतो. फेरिटिन नॉर्मल असलेल्या मायनरला 'एचबी कमी आहे' म्हणून वर्षानुवर्षं लोह देत राहणारे लोक पण आहेत. मायनरच्या मुलाचं एचबी १० च्या आसपास राहतं, ते त्याचं नॉर्मल आहे, लोह देऊन ते वाढत नाही. म्हणून कमतरता सिद्ध झाली तरच लोह. तुमच्याकडे झालीये.

प्रेग्नन्सीचं महत्त्वाचं. आठवा आठवडा म्हणजे वेळ आहे पण आरामात बसण्याइतका नाही. दोघं वाहक निघाले तर दर गरोदरपणात मेजर बाळाची शक्यता २५ टक्के, दर वेळी, आधीचं मूल कसं का असेना. अशा वेळी वारेचा तुकडा काढून तपासतात, सीव्हीएस म्हणतात, ते साधारण ११ ते १३ आठवड्यांत. त्याच्या आधी दोघांचं म्युटेशन (जीनमधला नेमका बिघाड) डीएनए टेस्टने माहीत असावं लागतं, नाहीतर बाळात नक्की काय शोधायचं तेच कळत नाही. म्हणून या आठवड्यातच दोघांचं सीबीसी आणि एचपीएलसी. गायनॅकला आजच कळवा.

---

देवळाली_कॅम्पची_आई

दादा मी थॅलेसेमिया मेजर मुलाची आई आहे. तुम्ही घाबरवू नका म्हणालात म्हणून आधीच सांगते, तुमचं प्रकरण आमच्यासारखं दिसत नाहीये, तरी एक गोष्ट सांगायचीच आहे कारण ती दुसऱ्या कोणी वाचली तरी उपयोगाची.

माझा मुलगा सात महिन्यांचा असताना एकदम पांढराफटक पडला, दूध ओढेना, पोट फुगलेलं. हिमोग्लोबिन चारच्या घरात. ज्या हॉस्पिटलमध्ये नेलं, नाव घेत नाही, तिथे त्याच रात्री रक्त चढवलं. चढवायलाच हवं होतं, त्यात काही चूक नाही. पण चढवायच्या आधी दोन एमएल रक्त जांभळ्या बाटलीत काढून ठेवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी एचपीएलसी पाठवली, तर रिपोर्टात ए हिमोग्लोबिन भरपूर. ते माझ्या मुलाचं नव्हतंच ना, रक्तदात्याचं होतं. रिपोर्ट म्हणे 'थॅलेसेमिया मेजर वाटत नाही'. मग तीन महिने थांबा म्हणाले, कारण दुसऱ्याच्या पेशी तोपर्यंत अंगात राहतात, पण मेजरचं मूल तीन महिने रक्ताशिवाय थांबतंय कुठे? महिन्याभरात परत खाली. कोणी म्हणे ऑटोइम्यून, कोणी म्हणे बोन मॅरो करा.

शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी मुलाला हातसुद्धा न लावता आम्हा नवरा-बायकोचं रक्त मागितलं. दोघांचा ए-टू ५ च्या वर. पाच मिनिटांत उत्तर. आम्ही सिंधी आहोत, आमच्या समाजात हे वाहक खूप आहेत, लोहाणा, भानुशाली, पंजाबी लोकांमध्येपण, पण तेव्हा आम्हाला कोणी लग्नाआधी सांगितलं नव्हतं. आणि फक्त आमच्यातच असतं असं समजू नका, रक्त चढवायला डे केअरला बसते तेव्हा शेजारच्या खाटेवर सगळ्या आडनावांची मुलं असतात.

दुसऱ्या वेळी आम्ही आधी दोघांचं म्युटेशन काढलं, मुंबईला परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांची संस्था आहे, एनआयआयएच, तिथे या तपासण्या होतात. आमच्यात ६१९ अक्षरांचा तुकडाच जीनमधून गायब असण्याचा प्रकार जास्त, माझ्यात तोच निघाला, मिस्टरांमध्ये वेगळा, जो भारतात सगळ्यात जास्त सापडतो तो, आयव्हीएस १-५. मग सीव्हीएस केलं. मुलगी मायनर आहे, कथ्थकला जाते, तिला काही म्हणजे काही त्रास नाही.

तर रक्त चढवायच्या आधी सॅम्पल. तुमच्या मुलीला ८.६ ला चढवायची वेळ येणार नाही, पण कोणी 'एक बाटली देऊन टाकू' म्हणालंच तर आडवे पडा.

---

सातपूरचा_बाबा

सगळ्यांचे खूप आभार, खरंच रात्री जरा झोप लागली.

जांभळी टोपी ताई, रक्त कधीच चढवलेलं नाही. आणि फाईल सापडली, सासूबाईंच्या कपाटात साड्यांच्या खाली होती. पहिल्या वेळी चौथ्या महिन्यात केलेलं सीबीसी - एचबी १०.८, आरबीसी ५.४, एमसीव्ही ६३, एमसीएच २०. त्याच्यावर पेनने गोल केलाय फक्त १०.८ ला आणि लिहिलंय लोहाच्या गोळ्या चालू ठेवा. तुम्ही म्हणाल्या तसं भागून बघितलं, पावणेबारा येतंय. म्हणजे काय समजायचं?

आणि अजून एक. माझं कंपनीच्या मेडिकलचं सीबीसी मागच्याच वर्षीचं आहे. एचबी १४.९, एमसीव्ही ८७, सगळं नॉर्मल. मग माझी एचपीएलसी करायची गरज आहे का? खोटं कशाला बोलू, सुईला मी घाबरतो, आणि पैशाचा प्रश्न नाही, तरी उगाच टेस्ट कशाला असं पण वाटतं.

---

जांभळी_टोपी

मिसेसचं बघून मला तर काही आश्चर्य वाटलं नाही. गरोदरपणात एचबी उतरतं हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून १०.८ ला कोणी दचकत नाही, गोल करून गोळ्या लिहून पुढचा पेशंट. पण ६३ एमसीव्ही आणि ५.४ काउंट हे नुसत्या गरोदरपणाने होत नाही. तिथेच एचपीएलसी व्हायला हवी होती. आता करा, उद्याच.

आता तुमचं. थॅलेसेमियापुरतं बोलायचं तर एमसीव्ही ८७ आणि एमसीएच चांगलं असेल तर मायनर असण्याची शक्यता फारच कमी. पण तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय मूळ गाव कळवण तालुका. दादा, सिकल सेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) याचा वाहक सीबीसीत अजिबात दिसत नाही. एचबी नॉर्मल, एमसीव्ही नॉर्मल, माणूस धडधाकट, कंपनीचं मेडिकल पास. तो फक्त एचपीएलसीत किंवा इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (हिमोग्लोबिन वेगळं करायची दुसरी टेस्ट) दिसतो. हिमोग्लोबिन डीचंही तसंच. आणि आईकडून थॅलेसेमियाचा जीन आणि वडिलांकडून सिकलचा जीन एकाच बाळात आला तर ते मायनर अधिक मायनर असं सौम्य काहीतरी नसतं, तो सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो, आणि तो बऱ्याचदा सिकल सेल आजारासारखाच त्रास देतो. म्हणून 'नवऱ्याचं सीबीसी नॉर्मल, सोडून द्या' हे आपल्या जिल्ह्यात तरी चालत नाही. मुलीत एस नाही आला म्हणून तुमच्यात नाही असं होत नाही, तिला तो न मिळण्याची शक्यता निम्मी होतीच.

सुई एकदाच टोचते. मान तिकडे फिरवा.

---

सुरगाण्याचे_गुरुजी

कळवणचं नाव वाचलं म्हणून लिहितोय. मी सुरगाणा तालुक्यात आश्रमशाळेवर आहे. आमच्याकडे कोकणा, वारली, भिल्ल, महादेव कोळी मुलं. सिकल सेल हा शब्द आमच्या चौथीच्या पोराला माहीत आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक या पट्ट्यात आशाताई आणि आरोग्यवाले तपासणीला येतात. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं त्याचं उद्दिष्ट. कागदावर मोठंच आहे, गावात ते एका घडीच्या टेबलावर उतरतं.

शाळेत तपासणी कशी होते ते मी बघत असतो. बोट टोचून थेंबभर रक्त एका नळीतल्या द्रावणात टाकतात, थोडा वेळ ठेवतात, आणि नळी छापील रेघांच्या कागदासमोर धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. झालं. पण त्यात वाहक कोण आणि आजारी कोण हे कळत नाही, दोघांची नळी सारखीच गढूळ. आणि लोकांचा घोळ इथेच होतो. गेल्या साली एका पोरीची नळी गढूळ आली, तर बापाने तिला खो-खोतून काढलं, घरी नेऊन बसवलं. नंतर एचपीएलसी आली, एस ३४ टक्के आणि ए त्याच्यापेक्षा जास्त, म्हणजे नुसती वाहक. पण एवढ्यात तिच्या बरोबरीच्या पोरींनी तिला ताटात शेजारी बसवायचं सोडलं होतं. ते परत जोडायला आम्हाला लॅबपेक्षा जास्त वेळ लागला.

उलटंही होतं. एक पोरगा सारखा पाय दुखतात म्हणून रडायचा, थंडीत जास्त, आम्ही म्हणायचो खेळून दुखत असतील. लहानपणी त्याचे हाताचे पंजे सुजायचे असं आईने नंतर सांगितलं. त्याचा रिपोर्ट आला तेव्हा ए नव्हताच, एस आणि एफ फक्त. आता हायड्रॉक्सीयुरिया या सिकलच्या औषधावर आहे, पाणी भरपूर पितो, थंडीत आम्ही त्याला पहाटेच्या आंघोळीतून सूट दिलीये, शाळा बुडवणं खूप कमी झालं.

दादा तुम्ही गाव सोडून शहरात आलात म्हणून रक्त बदलत नाही, एवढंच म्हणतो. तपासून घ्या, आणि निघालं तरी लाज वाटायचं काम नाही.

---

ओपीडीतून_सुट्टी_नाही

गुरुजींनी छान लिहिलंय, फक्त त्यात भर. ती सोल्युबिलिटी टेस्ट सहा महिन्यांच्या आतल्या बाळात निगेटिव्ह आली तर धरायची नाही, एफ जास्त आणि एस कमी असतो म्हणून द्रावण गढूळ होत नाही. खूप ॲनिमिया असेल किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल तरी खोटी निगेटिव्ह येते. आणि थॅलेसेमिया मायनर त्यात मुळीच पकडला जात नाही. त्यासाठी शिबिरात वेगळी नळी असते, नेस्ट्रॉफ्ट, ०.३६ टक्के सलाइनची. तिथेही मागे काळी रेघ धरतात, पण लोह कमी असलेलं मूलही त्यात पॉझिटिव्ह येतं. दोन्ही टेस्ट फक्त गाळणी, निदान नव्हे.

ए नाही, एस भरपूर, ए-टू वर आणि एमसीव्ही कमी असा रिपोर्ट आला तर तो सिकल आजार की सिकल-थॅलेसेमिया हे नुसत्या मुलाच्या कागदावरून ठरवायला जाऊ नका. एस असला की मशीनवर ए-टू तसाही फुगलेला दिसतो. आई-वडिलांचे रिपोर्ट शेजारी ठेवले की बहुतेक वेळा उलगडतं, नाही उलगडलं तर डीएनए. आदिवासी पट्ट्यात अल्फा थॅलेसेमियाही (आपण बोलतोय तो बीटा, हा वेगळा) बराच आहे, त्याची एचपीएलसी मोठ्या मुलांत नॉर्मल येते आणि एमसीव्ही मात्र कमी, तिथे तर डीएनएशिवाय गत्यंतर नाही.

---

घरचा_वैद्य_७७

बरं बाबा, लोहाचं औषध द्या. खजूर पण द्या.

---

सातपूरचा_बाबा

अपडेट. दोघांचं झालं. मिसेस - एचबी १०.४, आरबीसी ५.२, एमसीव्ही ६३, ए-टू ५.६, एफ ०.९. रिपोर्टात लिहिलंय बीटा थॅलेसेमिया ट्रेट, म्हणजे मायनर. मी - एमसीव्ही ८७, ए-टू २.६, एफ अर्ध्याच्या आत, आणि मुद्दाम लिहून घेतलं, एस किंवा दुसरं कुठलं ॲबनॉर्मल हिमोग्लोबिन दिसलं नाही. सॅम्पल देताना मान फिरवली होती, तरी डोळ्यासमोर काजवे चमकले, मिसेसने व्हिडिओ काढलाय.

मी असं समजतोय की मुलीला जास्तीत जास्त मायनर, आणि पोटातल्या बाळालाही जास्तीत जास्त मायनर. बरोबर ना? सीव्हीएस लागणार नाही ना? डॉक्टर तसंच म्हणाले पण तुमच्याकडून पण ऐकायचंय. आणि मुलीची एचपीएलसी परत कधी?

---

ओपीडीतून_सुट्टी_नाही

बरोबर. तुमच्या रिपोर्टात शंका घेण्यासारखं काही नाही. तुमचा ए-टू ३.३-३.८ असा लटकलेला असता तर एमसीव्ही नॉर्मल असूनही मी डीएनए सुचवलं असतं, कारण काही सौम्य म्युटेशन असे लपतात. २.६ ला तसं काही नाही. या कारणासाठी सीव्हीएस नको. बाळ मायनर असण्याची शक्यता निम्मी, जन्मल्याबरोबर तपासायची घाई करू नका, वर्ष-दीड वर्षानंतर करा.

मुलीचं लोह तीन महिने पूर्ण होऊ द्या, मध्येच एचबी वाढलं म्हणून औषध सोडू नका. मिसेसनाही गायनॅकने लोह-फॉलिक दिलं असेल ते चालू ठेवायचं, फेरिटिन मात्र करून घ्या, मायनर आहे म्हणून लोह बंदच असं नसतं. वरच्या माझ्या वाक्याचा तसा अर्थ काढू नका.

---

जांभळी_टोपी

तीन महिन्यांनी मुलीचं आधी सीबीसी आणि फेरिटिन. फेरिटिन जागेवर आलं असेल तरच एचपीएलसी, नाहीतर परत तोच ३.४ येऊन बसेल. शक्यतो त्याच लॅबला, त्याच मशीनवर, म्हणजे आकडे जोडीला ठेवता येतात. ताप-खोकला चालू असताना नेऊ नका. आणि मुलीच्या फाईलच्या पहिल्या पानावर आईचा ए-टू ५.६ ठळक लिहून ठेवा, म्हणजे पुढे शाळेत-कॉलेजात कोणी तिचं एमसीव्ही बघून वर्षभर लोहाच्या गोळ्या लिहिणार नाही.

---

सातपूरचा_बाबा

लिहिलं, लाल पेनने.

आता नवीन भानगड. मिसेसची धाकटी बहीण, तिचं लग्न ठरलंय, दिवाळीनंतर. मिसेस म्हणते तिला सांगायला पाहिजे. सासूबाई म्हणतात लग्न मोडायचंय का, मुलाकडच्यांना कळलं तर काय सांगू, आमच्यात सगळेच फिकट. मला मध्ये पडावं की नाही कळत नाहीये, जावई माणूस.

---

देवळाली_कॅम्पची_आई

पडा मध्ये. मुलाकडच्यांना आत्ता काहीच सांगू नका, आधी फक्त मेव्हणीचं करा. ती वाहक असायची शक्यता निम्मी, नसायची पण निम्मी. नॉर्मल आलं तर सासूबाईंना पेढा द्या आणि गप्प बसा. वाहक निघाली तर मग त्या मुलाचं एचपीएलसी, आणि त्याचं नॉर्मल आलं की लग्नाला काही म्हणजे काही अडचण नाही, तुमचंच उदाहरण समोर आहे ना. सासूबाईंना माझ्याशी बोलायचं असेल तर मला मेसेज करा, मी बोलते त्यांच्याशी. जावयाचं ऐकत नाहीत पण बाईचं ऐकतील.

---

सातपूरचा_बाबा

ताई, मेसेज केलाय. मेव्हणी तयार आहे, ती येतीये शनिवारी नाशिकला. रविवारी सकाळी सॅम्पल घेतात का कुठे? आणि उपाशीपोटी यायचं का?

---

जांभळी_टोपी

रविवारी बऱ्याच ठिकाणी सकाळी चालू असतं, आदल्या दिवशी फोन करून विचारा. उपाशी राहायची गरज नाही, नाश्ता करून आणा. सीबीसी आणि एचपीएलसी दोन्ही एकाच जांभळ्या बाटलीत होतं, दोनदा टोचू देऊ नका.